हायलुओतो: समुद्रातून वर येणारं बेट

फिनलंडच्या ओउलू शहरासमोर, बोथनियाच्या आखातात हायलुओतो हे बेट आहे. जेमतेम हजारभर वस्तीची ही फिनिश भाषिक ग्रामीण नगरपालिका.

हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली इथली जमीन अजून वर उचलली जातेय, वर्षाला जवळपास 1 सेंटीमीटर! त्यामुळे पूर्वीची वेगळी बेटं जोडली जाऊन आजचं हायलुओतो तयार झालं.

कडाक्याच्या हिवाळ्यात समुद्र गोठला की त्यावरून चक्क गाड्या धावतात. मात्र दोन गाड्यांत अंतर राखावंच लागतं.

इथल्या पाइनच्या रानात फिकट करड्या लायकेनचा गालिचा असतो. आपल्या दगडफुलाचंच हे भावंड. वाळलं की चुरा होतो, म्हणून ते ओलसर असतानाच हाताने वेचतात. सजावटीसाठी ते जर्मनीला जात आलंय.