वस्त्रोद्योगातील सांडपाणी व पटल जैव विक्रियक

सूक्ष्मजीवांकडून होणारे सांडपाण्याचे शुद्धीकरण आणि सूक्ष्मरंध्री पटलातून होणारे गाळण या दोन्ही क्रिया ज्या संचात एकत्र घडवून आणतात त्याला पटल जैव विक्रियक म्हणतात. कापड रंगविण्याच्या उद्योगातील सांडपाण्यासाठी हा संच एकटा पुरा पडत नाही. म्हणून त्यात काही रसायने पूरक म्हणून मिसळतात.

या संचाचा पाया म्हणजे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टर येथे मांडलेली सक्रियित गाळ प्रक्रिया होय. तीत सूक्ष्मजीवांचा गाळ निवळण टाकीत खाली बसवून पाणी वेगळे करतात. निवळण टाकीऐवजी पटल वापरण्याची सुरुवात १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाली. १९८९ मध्ये काझुओ यामामोटो व त्यांचे सहकारी यांनी जपानमध्ये पटल थेट वायुमिश्रण टाकीत बुडविण्याची पद्धत दाखविली. तीमुळे ऊर्जेचा खर्च पुष्कळ घटला व ही संयंत्रे व्यवहारात आली.

पटलाची रंध्रे सामान्यतः ०·०३ ते ०·४ मायक्रॉन व्यासाची असतात. त्यांतून निलंबित कण व जीवाणू पार होत नाहीत. रंजकाचा विरघळलेला रेणू मात्र साधारण एक-दोन नॅनोमीटरचा, म्हणजे रंध्राच्या मानाने फारच लहान असल्याने सहज निसटतो. परिणामी बाहेर येणारे पाणी नितळ पण रंगीत असते. सुती कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या विक्रियाशील रंजकांपैकी सु. १० ते ४०% भाग धाग्यावर न बसता पाण्यात जातो, व त्यासोबत रंगाईसाठी घातलेले मीठही जाते. ॲझो रंजकांचे बंध ऑक्सिजनयुक्त टाकीत सहसा तुटत नाहीत. ऑक्सिजनरहित अवस्थेत ते तुटतात, पण त्यांतून ॲरोमॅटिक अमाइने निर्माण होतात. त्यांपैकी काही विषारी असल्याने पुढे वायुमिश्रण आवश्यक ठरते.

दुसरी अडचण पटल चोंदण्याची. सूक्ष्मजीवांनी स्रवलेली प्रथिने व पॉलिसॅकॅराइडे रंध्रांत आणि पृष्ठभागावर साचतात. मग तेवढ्याच पाण्यासाठी अधिक चूषणदाब लावावा लागतो.

पूरक रसायने या दोन्ही अडचणींवर काम करतात. सक्रियित कार्बनाची भुकटी रंजक व स्रावद्रव्ये अधिशोषित करते, सूक्ष्मजीवांना वाढण्यास आधार देते व पटलावरचा थर घासून काढते. पटल तिला अडवून धरीत असल्याने काढून टाकलेल्या गाळाबरोबर जाईल तेवढीच भुकटी नव्याने घालावी लागते. फेरिक क्लोराइड वा तुरटी यांतील त्रिसंयुजी धन आयन कणांवरील ऋण विद्युत् भार नाहीसा करतात. त्यामुळे बारीक कण एकत्र येऊन मोठे होतात व पटलावरील थर सच्छिद्र राहतो. विकीर्ण रंजकांसाठी हा उपाय चांगला. अतिशय विद्राव्य अशा विक्रियाशील रंजकांसाठी तो तितकासा नाही. त्यांचे रेणू ऋणभारित असल्याने त्यांना धनायनी बहुवारिके अधिक चांगली पकडतात.

मात्रा वाढविली म्हणजे शुद्धी वाढते, असे मात्र नाही. जादा भुकटीने गाळाची श्यानता वाढून ऑक्सिजन विरघळणे मंदावते. जादा बहुवारिक स्वतःच पटलाला चिकटते. लोहाची लवणे पाण्याची क्षारता खर्ची घालतात आणि फॉस्फेट साक्यात बांधतात; रंगाईच्या पाण्यात फॉस्फरस बहुधा आधीच अपुरा असल्याने सूक्ष्मजीव उपाशी राहण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक कारखान्याच्या पाण्यावर निरनिराळ्या मात्रांचे लहान पात्रांतील प्रयोग करून मगच प्रमाण ठरवितात, व रंगांची फेरपालट झाली की ते पुन्हा तपासतात.

क्लोराइडांचा प्रश्न याहून अवघड आहे. तमिळनाडूतील तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांमुळे नोय्यल नदी खारट झाली व ओरत्तुपाळयम धरणाचे पाणी शेतीला निरुपयोगी ठरले. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये या कारखान्यांना शून्य सांडपाणी विसर्गाची अट घातली आणि तिचे पालन न झाल्याने जानेवारी २०११ मध्ये ते बंद करण्याचा आदेश दिला. शून्य विसर्गासाठी पटल जैव विक्रियकानंतर व्यस्त तर्षण व बाष्पीभवन करावे लागते. फेरिक क्लोराइडातून आलेले क्लोराइड अखेर त्याच बाष्पीभवकावर येऊन पडते. उलट कार्बन भुकटीने पाण्यातील लवणे वाढत नाहीत. मात्र भुकटी व रंजक यांनी भरलेला गाळ शेतात खत म्हणून घालता येत नाही. तो बहुधा घातक अपशिष्ट म्हणून सुरक्षित भरावात न्यावा लागतो.