क्रँक आणि पंख्याच्या मधे

सकाळी सातला मनोरच्या मस्तान नाक्यावर शटर वर करतो, तेव्हा अहमदाबाद हायवेवरचा एखादा ट्रक दारात लागलेलाच असतो. नोझल, हेड गॅस्केट, टर्बोची गळती. पोटाचं काम हेच.

साडेनऊला मागच्या शेडमध्ये. तिथे स्टँडवर स्विफ्टचं 1.3 मल्टीजेट चढवलंय : 1248 सीसी, 75 अश्वशक्ती. आपल्या रांजणगावलाही हे इंजिन बनायचं. 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या थांबवल्या. एका हौशी विमानबांधणाऱ्यासाठी मी ते तयार करतोय. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांशी सरकारने 2018 साली पालघरच्या कारखान्यासाठी करार केला, तेव्हापासून इकडे विमानाच्या गोष्टीला कुणी हसत नाही. ‘गाडीचं डिझेल उडेल का’ एवढंच विचारतात. उडालंय. फ्रान्समध्ये पॉल लुकास आणि सर्ज पेनेक यांचं ‘डिझेलिस’ 1998 साली ओपेल गाडीच्या इंजिनावर उडालं.

अकराला खडीच्या क्रशरवरून फोन : जनरेटर थरथरतोय. कपलिंग खोललं तर रबराचा काळा भुगा तळहातावर आला.

“दादा, इंजिन तर मस्त चालतंय,” हाताखालचा पोरगा म्हणाला.

चालणारच. डिझेलचा प्रत्येक स्फोट म्हणजे क्रँकवर घणाचा घाव. गाडीत तो क्लच, शाफ्ट, टायर मिळून पचवतात. इथे सगळा रबरावर. विमानातही तेच दुखणं. पंख्याची टोकं आवाजाच्या वेगाला भिडू नयेत म्हणून फेरे कमी करावे लागतात, आणि मधला गिअरबॉक्स मार खातो. जर्मनीच्या थिलर्टने मर्सिडीज ए-क्लासचं इंजिन विमानासाठी प्रमाणित करून घेतलं. इंजिन 3900 फेऱ्यांवर, पंखा 2300 वर. पण सुरुवातीला दर 300 तासांनी गिअरबॉक्स उतरवावा लागे. माझं बहुतेक डोकं क्रँक आणि पंख्यामधल्या या वीतभर जागेतच जातं.

दुपारी ट्रकांची गर्दी, डबा उभ्यानेच.

चारला वायरिंग. सेन्सर बिघडला की गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजिन वाचवायला ताकद तोडतो. रस्त्यावर गाडी कडेला घेता येते. टेकऑफ करून दोनशे फुटांवर गेलेल्याने काय करायचं? तिथे आधी माणूस वाचला पाहिजे, इंजिन गेलं तरी चालेल. म्हणून ताकद तोडायची ती अट काढायची. या इंजिनाचं कॉमन रेल इंजेक्शन विजेशिवाय चालत नाही, म्हणून दुसरी बॅटरी, तिची वायर वेगळ्या वाटेने.

साडेपाचला चाचणी. पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हा इथला पहिला नियम. हायवेवर गाडी पाव ताकदीत पळते. विमान तासन् तास पाऊण ताकद मागतं. म्हणून तेवढ्याच लोडवर चालवतो आणि पोरगा दर पाच मिनिटांनी पाणी, ऑइल, इंटरकूलरनंतरची हवा वहीत लिहितो. आज पाणी, ऑइल स्थिर राहिलं, हवा मात्र तापत गेली. उद्या मोठा इंटरकूलर लावायचा, आणि त्याआधी या इंजिनाचंही कपलिंग खोलून रबर बघायचं.