मींड घेणारं यंत्र

खापरीला मेट्रोतून उतरून मिहानच्या रस्त्याला लागलो की मी कानात कलावती लावतो. तबला नाही, तानपुरा नाही. खाली ड्रम मशीनचा एकसुरी ठेका, त्यावर बुडबुड्यांसारखा वरखाली होणारा खर्ज, आणि त्यावर राग. ऑफिसातल्या एका पोराला ऐकवलं, तर तो म्हणाला, “कोणत्या डीजेचं आहे हे, सर?” मी म्हटलं, १९८२ चं आहे, मुंबईत झालेलं.

हा कलावती वाजवणारे चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले वादक. बास गिटार, हवाईयन गिटार, की-बोर्ड, हाताला येईल ते वाजवायचे. ‘दम मारो दम’मध्ये ट्रान्झिकॉर्ड हे विजेवरचं अकॉर्डियन वाजवणारे तेच. लग्नसमारंभांत स्वतःचा ऑर्केस्ट्राही घेऊन जात. अशा वादकांची नावं तेव्हा रेकॉर्डच्या वेष्टनावर क्वचितच येत. एचएमव्हीने काढलेल्या ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’वर मात्र त्यांचं नाव ठळक होतं.

या रेकॉर्डमागे रोलँड कंपनीची तीन जपानी यंत्रं होती: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि टीबी-३०३. हा शेवटचा चंदेरी डबा १९८१ चा. एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून केलेला. आवाज खऱ्या बास गिटारसारखा नव्हता, म्हणून तो फारसा खपला नाही आणि काही वर्षांतच बंद झाला. पण त्यात ‘स्लाइड’ नावाची एक सोय होती. सूर एकेक करून भरायचे आणि हव्या त्या सुरावर स्लाइडची खूण करायची. मग पुढचा सूर नव्याने न ठोकता आवाज तिकडे घसरत जातो. आपण याला मींड म्हणतो. आयुष्यभर हवाईयन गिटारच्या तारेवर सळई सरकवणाऱ्या माणसाला ती मींड पटकन ऐकू आली असणार, असं मला मनापासून वाटतं.

सगळेच राग सारखे जमलेत असं नाही. तोडीचा अतिकोमल गांधार बारा पट्ट्यांत बसत नाही. पेटीवर हाच आक्षेप घेणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. आकाशवाणीने तर १९४० पासून तीस वर्षं पेटीला दारातच उभं केलं होतं. कलावती आणि मालकंस मात्र या ठेक्यावर असे खुलतात, की पाच-पाच मिनिटं अपुरी वाटतात.

रेकॉर्ड तेव्हा खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्युचर’ या त्रिकुटाने त्याच ३०३ ची बटणं पिळून जे नाचाचं संगीत निर्माण केलं, त्याला जग अ‍ॅसिड हाउस म्हणू लागलं. त्यांनी मुंबईची ही रेकॉर्ड ऐकलेली असण्याचं काही कारण नव्हतं. तो डबाच दोघांकडून तसं वाजवून घेत होता. २००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीत ती रेकॉर्ड सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली. मग सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपच्या रंगमंचांवर उभे राहिले आणि नातवंडांच्या वयाची पोरं त्यांच्या रागांवर नाचली. जुलै २०१५ मध्ये ते मुंबईत गेले.