जुने सूर आणि त्यांचे गिऱ्हाईक

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. अशा क्षेत्री भजन रंगते तेव्हा ऐकणारा आवाजाच्या मधोमध बसलेला असतो. समोर वीणा, एका अंगाला मृदंग, पाठीमागे टाळ आणि चहूबाजूंनी धृपद उचलणारे कंठ! हाच अनुभव जगाच्या बाजारात ‘सराउंड साउंड’ या नावाने विकला जातो. पाच-सात ध्वनिक्षेपक खोलीभर मांडायचे आणि जुन्या ध्वनिमुद्रिकेची नवी, महागडी आवृत्ती त्यांवर ऐकायची. ही आवृत्ती घेतो तरी कोण? प्रश्न चैनीचा वाटेल; पण आपल्या जुन्या ठेव्याचे भवितव्य त्याच्या उत्तरात दडलेले आहे.

पिंक फ्लॉइड या इंग्रजी वाद्यवृंदाची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही ध्वनिमुद्रिका १९७३ सालची. तिची सराउंड आवृत्ती २००३ मध्ये निघाली आणि पन्नाशीच्या निमित्ताने २०२३ मध्ये आणखी एक. बीटल्सच्या १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’चेही २०१७ मध्ये असेच झाले. पन्नाशीचा हा मुहूर्त कोणासाठी साधला जातो, हे सांगावयास नको. तारुण्यात तबकडी, मग कॅसेट, नंतर सीडी घेतलेला आणि आता हाती पैसा व सवड असलेला प्रौढ रसिक तेच गाणे चौथ्यांदा विकत घेतो.

त्याच्या पदरात काय पडते? साध्या सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. त्यांतून सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी उमटतो आणि तरुण कानाची धावही २०,००० च्या पलीकडे जात नाही. वयपरत्वे ती घटतच जाते. ‘हाय-रेझोल्यूशन’ आवृत्तीत हे नमुने ९६,००० किंवा त्याहूनही अधिक असतात. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोहोंतील फरक ओळखण्याच्या ५५४ चाचण्या झाल्या; २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढीच आली असती. २०१६ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले असता हे प्रमाण शेकडा ५२ च्या आसपास भरले. तेव्हा आकड्यांपेक्षा मूळ फितीवरून पुन्हा काळजीने केलेले संस्करण आणि गतकाळाची भेट, या दोन गोष्टींसाठीच हा रसिक पैसे मोजतो, असे म्हणावे लागेल.

आपल्याकडचा ग्राहक निराळा. सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये ‘कारवाँ’ हा रेडिओसारखा दिसणारा, ५,००० जुनी गाणी भरलेला संच बाजारात आणला; पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. आईवडिलांना मुलांनी तो भेट द्यावा, असा जाहिरातींचा रोख होता. येथे ध्वनीची सूक्ष्मता कोणी विचारली नाही. बटण दाबताच गाणे लागावे, एवढीच अपेक्षा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिक्षकाने याहून अधिक मागावे तरी कशाला?

शिवाय आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांना सराउंडचा साज चढविणे सोपे नाही. त्यासाठी प्रत्येक वाद्य स्वतंत्र पट्टीवर मुद्रित झालेले हवे. आपल्याकडील कितीतरी जुने गायन मात्र एकदोन मायक्रोफोनसमोर एकत्रच मुद्रित झाले. १९६० चा ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगीत होऊन आला, तेव्हा मूळ गायकांचे आवाज ठेवून वाद्यवृंद नव्याने मुद्रित करावा लागला. ते मोठ्या चित्रपटाला परवडले; एखाद्या भजनी मंडळाला कसे परवडणार?

येथेच खरी चिंता सुरू होते. राम फाटकांच्या चालीवर भीमसेन जोशींनी गायिलेला नामदेवांचा अभंग टिकेल, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. परंतु मराठवाड्यातील गावोगावच्या भजनी मंडळांचे, कीर्तनकारांचे आवाज कोणी हौसेने कॅसेटवर टिपून ठेवले असतील, तर त्यांना गिऱ्हाईक कोठून येणार? चुंबकीय फीत काळाबरोबर झिजते, चिकटते, बुरशीला बळी पडते. श्रीमंतांची हौस वाटणारे ‘हाय-रेझोल्यूशन’ तंत्र खरे उपयोगी पडते ते येथे. जगातील ध्वनिसंग्रहालये जुन्या फितींच्या नकला याच मापाने करून ठेवतात. कारण एकदा फीत गेली की दुसरी संधी नसते.

हे काम बाजारावर सोपवून भागणार नाही. परभणीचे आकाशवाणी केंद्र आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांनी ते अंगावर घ्यावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी गावातील कॅसेटी गोळा कराव्यात. गायकाचे नाव, गाव, साल विचारून नोंदवावे. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात जतन झाली, कारण एका समाजाने ती आपली मानून लिहून ठेवली. त्या समाजाने गिऱ्हाइकाची वाट पाहिली नाही. आपणही पाहू नये.