गाडी सुरू होत नाही? आधी आवाज ऐका

रात्रभर पावसात भिजलेली मोटारसायकल सकाळी सुरू झाली नाही, तर लगेच किकवर किक मारत बसू नका. आधी लाल किल स्विच आणि टाकीतलं पेट्रोल पाहा. सेल्फ दाबल्यावर नुसतं 'टक टक' वाजत असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा. टर्मिनल सैल झाली आहेत का, त्यांवर पांढरट थर साचलाय का, ते तपासा. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेटत नाही? मग प्लगची टोपी काढून कोरड्या फडक्यानं पुसा. पाणी शिरलं की ठिणगी नीट पडत नाही. प्लग काजळलेला असेल, तर साफ करा. एवढ्यानंही भागलं नाही, तरच मेकॅनिक गाठा.