समुद्रकाठची सावली आणि आजींचा चौविहार

वऱ्हाडाला समुद्र नाही. म्हणूनच अकोला-अमरावतीच्या मुलांना त्याची ओढ अधिक. दिवाळीनंतर घरोघरी अलिबाग, नागाव, काशीदचे बेत रचले जातात, आणि त्याच वेळी हळूच एक वाक्य कानी येते, "आजींचे नियम प्रवासात कसे सांभाळायचे? त्या घरीच बऱ्या." थोडे नियोजन केले, तर हे वाक्य उच्चारण्याची वेळच येणार नाही.

प्रथम घड्याळ पाहावे. अकोला सुमारे ७७ रेखांशावर, तर अलिबाग सुमारे ७३ वर आहे. एका अंशाला ४ मिनिटे, या हिशेबाने किनाऱ्यावर सूर्य पाव तासाच्या आसपास उशिरा उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो. ऋतूनुसार यात थोडा फरक पडतो. संध्याकाळी अकोल्याची वेळ पाळली तर बाधा नाही. परंतु नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते. रात्रीच्या गाडीने मुंबईस उतरून अकोल्याच्या वेळेवर पारणे केले, तर नियम नकळत मोडतो. यास्तव स्थानिक सूर्योदय व सूर्यास्त आधीच टिपून ठेवावेत.

दुसरी गोष्ट तिथीची. मुंबई-अलिबागकडे तिथीला पाऊणपट केले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येस भरती मध्यान्हीजवळ येते व उधाण मोठे असते. अचूक वेळ मात्र तक्त्यातूनच पाहावी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत पायी जाता येते. पाणी चढू लागताच ती वाट बंद होते. मुलांना गुडघाभर पाण्यापुढे जाऊ देऊ नये आणि एका मोठ्या माणसाने केवळ त्यांच्यावरच लक्ष ठेवावे.

सावलीचेही गणित आहे. हा किनारा पश्चिमाभिमुख. सकाळी सुरूच्या झाडांची सावली समुद्राकडे पडते, दुपारनंतर ती जमिनीकडे सरकते. म्हणून सतरंजी मध्यान्हीनंतर झाडांच्या पूर्वेस हलवावी. सुरूची सावली विरळ असते. दोन बुंध्यांना दोरीने सुती चादर बांधली की ती पुरेशी दाट होते. नारळाखाली मात्र बसू नये.

शिदोरीत ओलसर पदार्थ रात्री करून नेले, तर ते दुसऱ्या दिवशी शिळे ठरतात. खाकरे, भाजलेले चणे, लाह्या, सुकामेवा उत्तम. दुपारचे ताजे जेवण खानावळीत आदल्या दिवशीच सांगावे. कांदा, लसूण, बटाटा नको, हे स्पष्ट बोलावे. पाण्यासाठी गळणे सोबत असावे. उकळलेले पाणी पिणाऱ्यांची सोय मुक्कामीच करून घ्यावी.

मुलांना शंख-शिंपले गोळा करण्याची हौस असते. रिकाम्या दिसणाऱ्या शंखातही जीव असू शकतो. पाहून तिथेच ठेवणे, हा पाठ वाळूवर सहज शिकवता येतो.

सायंकाळचे जेवण सूर्यास्ताच्या तासभर आधी उरकावे. मग भांडी आवरलेली, चौविहाराचे पच्चक्खाण झालेले आणि समोर मावळते बिंब. त्या वेळी नातवंडांच्या शेजारी आजी बसलेल्या असाव्यात. सहल सर्वांची झाली, असे तेव्हाच म्हणता येईल.