हलके विमान आणि ग्वाल्हेरचा किल्ला

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या ईशान्य पायथ्याशी किला गेट नावाची जुनी वस्ती आहे. जवळच राजा मानसिंह तोमराने बांधलेला गुजरी महाल आहे, आणि पायी जाणाऱ्यांची गडाची चढण येथूनच सुरू होते. येथे उभे राहून वर पाहिले म्हणजे उभा कडा, त्यावरचा तट आणि मानमंदिराचे गोल बुरूज एवढेच नजरेत भरते. तटाच्या पलीकडे काय आहे, डोंगराचा आकार कसा आहे आणि शहर त्याच्याभोवती कसे पसरले आहे, यांपैकी काहीच खालून कळत नाही. शिंद्यांच्या दौलतीमुळे मराठी माणसाचा या शहराशी दोन शतकांहून अधिक काळ घरोबा आहे. तरीही हे शहर एका दृष्टिक्षेपात पाहिलेली माणसे थोडीच. साहजिकच एखाद्याच्या मनात येते की, घारीप्रमाणे या किल्ल्याभोवती एक घिरटी घालता आली तर!

अशी घिरटी घालण्याजोगे वाहन आज जगात उपलब्ध आहे. त्याला मायक्रोलाइट विमान म्हणतात. एक किंवा दोन माणसे बसतील एवढेच हे विमान असते. अनेक देशांत त्याच्या वजनाची मर्यादा, माणसे व इंधन धरून, पुष्कळ वर्षे ४५० किलो होती. ब्रिटनने ती २०२१ मध्ये ६०० किलोपर्यंत वाढवली. त्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला नेहमीच्या विमानासारखा, म्हणजे शेपूट व हलणाऱ्या पट्ट्या असलेला. दुसरा अधिक नवलाचा. त्यात वर कापडाचा त्रिकोणी पंख असतो, त्याखाली तीन चाकांचा सांगाडा टांगलेला असतो, आणि बसणाऱ्यांच्या पाठीमागे इंजिन व पंखा असतो. भिंती नाहीत, छप्पर नाही. वारा सरळ तोंडावर येतो आणि पायाखालची जमीन उघडी दिसते.

या दुसऱ्या प्रकाराचे मूळ बरेच जुने आहे. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल याने १८९१ ते १८९६ या काळात टेकडीवरून धावत जाऊन पंखांच्या साहाय्याने शेकडो वेळा तरंगण्याचे प्रयोग केले. त्याच्या पंखांना सुकाणू नव्हते. शरीराचा भार इकडे तिकडे झुकवून तो तोल सांभाळी. १८९६ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका उड्डाणात पडून त्याचा अंत झाला. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो व त्यांची पत्नी गर्ट्रूड यांनी कापडाचा लवचीक पंख तयार केला. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन डिकन्सन यांनी त्याला हातात धरण्याचा दांडा जोडला, आणि १९७० नंतरच्या दशकात त्याला छोटे इंजिन बसवण्यात आले. लिलिएन्थालची युक्ती मात्र तशीच राहिली. वैमानिक समोरचा आडवा दांडा पुढे ढकलतो तेव्हा विमानाचे नाक वर जाते व वेग कमी होतो. दांडा छातीकडे ओढला की नाक खाली येते व वेग वाढतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विमान हवेत राहते ते केवळ इंजिनाच्या जोरावर नव्हे, तर पंखावरून वाहणाऱ्या हवेमुळे. नाक फार वर उचलले आणि वेग फार घटला, तर पंखावरची हवा सुरळीत वाहीनाशी होते व पंख एकाएकी आपला भार टाकून देतो. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. पुरेशी उंची असेल तर नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. जमीन जवळ असेल तर तेवढा अवसर मिळत नाही. म्हणून अनुभवी वैमानिक उंचीला शिलकी पैशासारखे जपतो.

या वाहनाची योग्यता केवळ खेळापुरती नाही. मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये अशा हलक्या विमानातून एकट्याने इंग्लंडहून भारतापर्यंतचा प्रवास २३ दिवसांत पुरा केला. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेतील मुलामुलींना उड्डाणाचा पहिला अनुभव मायक्रोलाइटमधूनच दिला जातो. २०१५ मध्ये भारताने स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीशी १९४ हलक्या विमानांचा करार केला, तो वायुसेना, नौसेना आणि छात्रसेना यांच्यासाठी होता.

उंचावरून पाहण्याने ज्ञानातही भर पडते. इंग्लंडमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड या संशोधकाने अलेक्झांडर कीलर यांच्यासह विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. जमिनीवर उभे राहून न दिसणारे प्राचीन शेतांचे बांध आणि बुजलेले खंदक त्या चित्रांत स्पष्ट उमटले होते. महाराष्ट्रातील गडांची उद्धव ठाकरे यांनी आकाशातून घेतलेली छायाचित्रे २०१० मध्ये ‘महाराष्ट्र देशा’ या पुस्तकातून प्रसिद्ध झाली, तेव्हा वर्षानुवर्षे गड चढणाऱ्यांनाही आपल्या गडांचा घाट प्रथमच नीट उमगला.

ग्वाल्हेरचा डोंगर असा वरून पाहिला तर काय दिसेल? तो एकाकी डोंगर वालुकाश्माचा आहे. अडीच किलोमीटरांहून अधिक लांब, परंतु अरुंद, आणि भोवतालच्या सपाटीपासून सुमारे शंभर मीटर उंच. पश्चिमेकडून उरवाई नावाची घळ त्याच्या पोटात शिरली आहे. तट सरळ रेषेत न जाता कड्याच्या काठाने वळणे घेत जातो. म्हणजे किल्ल्याचा आराखडा निसर्गानेच आखला. माणसाने त्यावरून दगडांची रेघ ओढली. माथ्यावर तेली मंदिराचे उंच शिखर, १०९३ मध्ये पूर्ण झालेले सासबहू मंदिर आणि सिंधिया स्कूलच्या इमारती एकाच वेळी दृष्टीस पडतील.

पण जाणत्या प्रेक्षकाचे लक्ष इमारतींपेक्षा पाण्याकडे जाईल. सूरजकुंड, जोहरताल, गंगोला ताल, राणीताल अशी कितीतरी तळी त्या माथ्यावर आहेत. खालून पाहणाऱ्याला तट हीच किल्ल्याची ताकद वाटते. वरून पाहिले म्हणजे कळते की, तटाइतकेच त्या पाण्यानेही गडाला तारले. पाण्यावाचून भरभक्कम तटसुद्धा वेढ्यात फार दिवस टिकत नाही.

किल्ल्याभोवती तीन शहरेही वेगळी ओळखू येतील. किला गेटच्या बाजूला गल्लीबोळांचे जुने ग्वाल्हेर. येथेच मुहम्मद गौस यांचा भव्य मकबरा आणि त्याच्या आवारात तानसेनाची साधी समाधी आहे. दक्षिणेला लष्कर; १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी तळ दिला, त्या छावणीचेच पुढे शहर झाले आणि नावही तेच राहिले. पूर्वेला मुरार, जेथे इंग्रजांची छावणी होती. १८८६ मध्ये झाशीच्या मोबदल्यात इंग्रजांनी किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत दिले. पुस्तकातील हा इतिहास आकाशातून रस्त्यांच्या आखणीवरून वाचता येतो.

मग अशा विमानाने किला गेटवरून खुशाल फिरावे की काय? येथे मात्र उत्तर नकारार्थी द्यावे लागते, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण साध्या गणिताचे आहे. लहान इंजिन केव्हा तरी बंद पडणार, असे धरूनच वैमानिकाने उडावयाचे असते. इंजिन बंद पडले तरी विमान दगडासारखे कोसळत नाही. ते तरंगत खाली येते. कापडी पंखाचे विमान एक मीटर खाली येईपर्यंत साधारण सहा ते आठ मीटर पुढे जाते. म्हणजे तीनशे मीटर उंचीवरून, वारा शांत असेल तर, जेमतेम दोन किलोमीटरांचा पल्ला हाती राहतो. वळण घेण्यात आणि समोरच्या वाऱ्याशी झुंजण्यात त्यातलाही काही भाग खर्ची पडतो. एवढ्या पल्ल्यात मोकळे शेत किंवा मैदान असलेच पाहिजे. जुन्या ग्वाल्हेरवर घिरट्या घालणाऱ्याच्या खाली घरांची छपरे, विजेच्या तारा आणि गजबजलेले रस्ते असतात. विमानातल्या माणसाने धोका आपखुशीने पत्करलेला असतो. खालच्या दुकानदाराला, शाळेतून घरी निघालेल्या मुलाला मात्र कोणी विचारलेले नसते.

दुसरे कारण हवेचे. वारा उभ्या कड्यावर आदळला की समोरच्या बाजूला तो वर चढतो आणि पलीकडच्या बाजूला भोवरे करीत खाली कोसळतो. दोन-चारशे किलोंच्या विमानाला असा भोवरा सहज उलथवू शकतो. त्यात ग्वाल्हेरचा उन्हाळा कडक. तापलेल्या खडकांवरून आणि छपरांवरून दुपारी उष्ण हवेचे झोत उठतात. उष्ण हवा विरळ असल्यामुळे पंखाला आधारही कमी मिळतो. मे-जून महिन्यांत लू वाहते आणि धुळीची वादळे अचानक येतात, तर डिसेंबर-जानेवारीत सकाळचे धुके पडते. म्हणूनच हलकी विमाने सर्वत्र बहुधा सकाळी किंवा सायंकाळी, शांत वेळ साधूनच उडवितात.

तिसरे कारण सर्वांत निर्णायक आहे. शहराच्या ईशान्येस महाराजपूर येथे भारतीय वायुसेनेचा मोठा तळ आहे. मिराज २००० ही लढाऊ विमाने १९८५ पासून तेथे आहेत, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटवर गेलेली मिराज विमाने ग्वाल्हेरहूनच उडाली होती. त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानेही ये-जा करतात. त्यांच्यासाठी २०२४ च्या मार्चमध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. तासाला ऐंशी किलोमीटर जाणारे उघडे विमान आणि त्याच्या कित्येक पट वेगाने जाणारे लढाऊ विमान यांना एकाच आकाशात मोकळे सोडता येत नाही. पूर्वी ज्याच्या ताब्यात डोंगर, त्याचीच भोवतालच्या मुलखावर नजर असे. १७८० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉपहॅमच्या सैन्याने रात्री शिड्या लावून हा गड शिंद्यांकडून घेतला, तो याच उंचीसाठी. आता तीच गोष्ट आकाशाची झाली आहे. पहारा तटावरून निघून तेथे गेला आहे.

नियमांचा रोख याच दिशेने आहे. भारतात मायक्रोलाइटची नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे करावी लागते, आणि चालविणाऱ्याला परवाना लागतो. विमानविषयक जुना १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, परंतु परवानगीवाचून उडावयाचे नाही हे तत्त्व बदललेले नाही. प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास दिल्लीत पॅराग्लायडर, मायक्रोलाइट व बलून यांच्यावर तात्पुरती बंदी घातली जाते, तीही सुरक्षेसाठीच. माणसाऐवजी ड्रोन पाठवावा म्हटले, तरी २०२१ च्या नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे पट्टे पाडलेले आहेत, आणि तांबड्या पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही.

याचा अर्थ सामान्य माणसाने ही हौस सोडून द्यावी असा नाही. बंगळूरजवळ जक्कूरच्या विमानतळावरून हलक्या विमानांची उड्डाणे झाली आहेत. पुण्याजवळ हडपसरला १९५० मध्ये सुरू झालेल्या ग्लायडिंग केंद्रात कितीतरी तरुणांनी इंजिनाशिवाय तरंगण्याचे शिक्षण घेतले. कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग चालते. मात्र पैसे मोजून अशा वाहनात बसण्यापूर्वी चार प्रश्न संकोच न करता विचारावेत. विमानाची नोंदणी झाली आहे काय? चालकाचा परवाना पाहता येईल काय? आपले वजन त्याने विचारले काय? आणि वारा वाढला तर उड्डाण रद्द करून पैसे परत मिळतील काय? जो चालक पैसे परत देऊन उड्डाण रद्द करतो, त्याच्याच पाठीमागे निर्धास्त बसावे.

किला गेटजवळ उभ्या असलेल्या माणसालाही निराश होण्याचे कारण नाही. शंभर मीटरांची उंची त्याच्यासमोर उभी आहे आणि ती पायांनी चढता येते. विमानातून जे दिसणार नाही, ते या चढणीवर दिसते. वाटेत एका अखंड खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते; त्यातील नवव्या शतकाच्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे कोरले आहेत, आणि त्यांतील शून्य आजच्यासारखे वाटोळे आहे. आकाशातून ते कोणाला सापडले असते? वर मानमंदिराच्या पूर्वेकडील भिंतीवर निळ्या फरशांतली बदके आणि हत्ती आहेत. तीही चढणाऱ्याकडेच तोंड करून बसविलेली आहेत. माथ्यावर पोचून तटाशी उभे राहिले म्हणजे जुने शहर, लष्कर आणि मुरार ही तिन्ही ओळखता येतात. चढण नेटाची आहे. उन्हाळ्यात ती सकाळीच चढावी आणि पाणी बरोबर ठेवावे.